तिच्या नंबरचा बाक

प्र. १. चुकीची जोडी ओळखा.

(अ) मल्लेश – बारावी, सायन्स
(ब) महानंदा – बारावी, आर्ट्स, बाहेरून
(क) परीक्षा – दोघांची एकाच दिवशी संपते

चहाचा ट्रे घेऊन महानंदा उंबऱ्यापर्यंत आली तोवर बाहेर ओसरीवर तारीख ठरून गेली होती. मानवतचे पाहुणे मांडीवर थाप मारून हसत होते आणि तिचे थोरले दीर वीरभद्रप्पा पंचांग मिटून बाजूला ठेवत होते. लग्न तिच्या मुलीचं होतं, भक्तीचं. आदल्या दिवशी सकाळी अकराला हळद, दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षता. नवरा मुलगा मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, माणसं साधी होती, भक्तीला मुलगा पसंत होता. तक्रार करावी असं काही नव्हतं.

फक्त तारीख.

तसं वीरभद्रप्पांनी विचारून घेतलं होतं. आमच्या घरात यंदा दोन परीक्षा आहेत, एक पोराची आणि एक भावजयीची, असं त्यांनी पाहुण्यांना थोडं कौतुकानं, थोडं चेष्टेनं सांगितलं होतं. मग त्यांनी पोराला हाक मारून बारावी कधी संपते ते विचारलं. मल्लेशनं मोबाइलमधून मान वर न करता सायन्सची तारीख सांगितली. ती खोटी नव्हती. पण सायन्सवाले पेपर संपवून गुलाल उधळत घरी गेले तरी आर्ट्सवाल्यांचं चालूच असतं. इतिहास त्याच्या पुढच्या आठवड्यात होता. हे घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस त्या वेळी आत आलं किसत होतं.

पाहुणे गेल्यावर तिनं सांगितलं. थोरली जाऊ शिवकांता तिच्याकडे बघतच राहिली.

"मग आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"कोनी विचारलं न्हाई, अक्का."

संध्याकाळपर्यंत पत्रिकेचा मजकूर छापखान्यात पोचला होता.

प्र. २. टीप लिहा: मदतनीस

मदतनीस म्हणजे अंगणवाडीत सेविकेच्या हाताखाली काम करणारी बाई. ती सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करते, खिचडी शिजवते, नाकं पुसते, चड्ड्या धुते आणि साहेब तपासणीला आले की दाराआड उभी राहते. महानंदा दहा वर्षं मदतनीस होती. कामाला लागायच्या आदल्या वर्षी विहिरीवरची मोटार दुरुस्त करताना तिच्या नवऱ्याला, नागनाथला, शॉक लागून तो गेला होता. तेव्हा भक्ती तिसरीत होती.

सेविका मालनबाई यंदा एप्रिलअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेवर पहिला हक्क मदतनिसाचा, पण ती बारावी पास पाहिजे. नसली तर जाहिरात निघणार, आणि गावात तीन सुना पदव्या घेऊन त्या जाहिरातीची वाट बघत बसलेल्या. महानंदानं बाहेरून फॉर्म भरला. मागच्या साली सगळे विषय सुटले, एक इतिहास राहिला.

तो का राहिला, हे मार्कशीटवर लिहिलेलं नव्हतं. पेपर सुरू होऊन तास झाला होता, तेवढ्यात पालमच्या परीक्षा केंद्रावर निरोप आला की सासूबाई पडल्या, लगेच या. महानंदा पेपर देऊन उठली आणि पालमच्या स्टँडवर मिळेल त्या जीपला लटकून गावी आली. बायनाबाई ओसरीवर बाजेला टेकून बशीतून चहा पीत होत्या. पडल्या होत्या हे खरं. बाजेवरून उतरताना घसरल्या होत्या. निरोप धाडणाऱ्या वीरभद्रप्पांनी वर सांगितलं की म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं, काही झालं असतं तर लोकांनी आपल्या तोंडात शेण घातलं असतं. बायनाबाईंनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. ज्वारीचं पीठ संपलंय."

सहा मार्कांनी इतिहास गेला. तिनं मार्कशीट पेटीत ठेवली. पण त्या बशीचा जमिनीवर टेकतानाचा आवाज तिच्या कानात राहिला तो राहिलाच.

जुलैच्या फेरपरीक्षेला तिनं पुन्हा अभ्यास काढला, तर नेमकी ती टायफॉइडनं पडली. म्हणजे आता ही शेवटची. पुढच्या जुलैपर्यंत मालनबाईंच्या खुर्चीवर दुसरी कोणीतरी बसलेली असणार होती.

प्र. ३. पुढील संकल्पना स्पष्ट करा.

(१) वसाहतवाद. घरी पुस्तक उघडलं की कोणीतरी हाक मारायचं, म्हणून महानंदा अंगणवाडीत अभ्यास करायची. खिचडी शिजेपर्यंत पोरांना गोष्ट लागायची. ससा आणि कासव त्यांना पाठ झालं होतं. मग तिनं धडेच सांगायला घेतले. लांबून जहाजात बसून माणसं आली. आम्हाला मिरी द्या म्हणाली. मग ओसरीवर बसू द्या म्हणाली. मग घरात शिरली, आणि शेवटी म्हणाली घर आमचंच आहे. पुढं बसलेल्या साडेतीन वर्षांच्या पोरीनं विचारलं की मग हाकललं का त्यांना. लय दिवसांनी हाकललं, असं महानंदानं सांगितलं. इतके दिवस कशाला लागले, असं पोरीनं पुन्हा विचारलं. हा प्रश्न गाईडमध्ये नव्हता.

(२) शीतयुद्ध. दोन मोठी घरं. बोलणं बंद आणि भांडण चालू. दोघांनीही दारात दगडांचे ढीग रचून ठेवलेले, पण मारायचं कोणीच नाही. मालनबाई पोषण आहाराची पोती मोजता मोजता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, म्हणजे तू आणि शिवकांता.

"आमचं कुठं शीत हाय, बाई," महानंदा म्हणाली.

(३) अलिप्ततावाद. कोणाच्याच बाजूनं नाही. मालनबाईंनी पोत्याचं तोंड बांधलं. "ह्यो माझा धडा," त्या म्हणाल्या. "नोकरी अशीच काढली बघ मी."

घरी भक्ती प्रश्न विचारायची. तिचं बी.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं, तिसरं सासरी करायचं असं दोन्हीकडून तोंडी ठरलं होतं. शेंगा फोडताना, कपडे वाळत घालताना ती अचानक विचारायची, "विधवा पुनर्विवाहाचा कायदा?" महानंदा उत्तर द्यायची, "अठराशे छप्पन." एकदा हे उत्तर दिल्यावर दोघींच्याही लक्षात आलं की आतल्या खोलीत बायनाबाई जाग्या आहेत. भक्तीनं गुपचूप पुढचा प्रश्न घेतला.

बायनाबाईंना कुंकू पुसून चाळीस वर्षं झाली होती. घरात कार्य निघालं की त्या आपली बाज आत ओढून घेत आणि सगळं संपेपर्यंत बाहेर येत नसत. कोणी सांगावं लागत नसे. नागनाथ गेल्यावर पहिल्याच बारशाला त्यांनी महानंदाला हाक मारून बाजेवर आपल्या शेजारी जागा करून दिली होती. त्यात दुष्टावा नव्हता. बसायची जागा दाखवावी तशी दाखवली होती.

प्र. ४. विधान सकारण स्पष्ट करा: 'मुलीच्या हळदीला आईने घरी असावे.'

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात मांडव पडत होता. मुंडावळ्या आल्या होत्या, आचारी चूल खोदत होता, आणि पाच सवाष्णी जात्याला हळकुंड बांधून हळद दळायला बसल्या होत्या. महानंदा त्यांच्यापासून लांब, भिंतीकडेला गहू निवडत होती. हळदीच्या जात्याला तिचा हात चालत नव्हता. आईबापाच्या जागी पाटावर काका-काकू, म्हणजे वीरभद्रप्पा आणि शिवकांता बसणार होते.

या घरात भावजय थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नसे. बोलायचं ते खांबाकडे बघून बोलायचं आणि दिरानं ते ऐकायचं, अशी रीत होती. महानंदानं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि खांबाला सांगितलं की उद्या सकाळच्या गाडीनं मी पालमला जाणार आहे, माझा इतिहासाचा पेपर आहे, दुपारी चारच्या आत परत येईन.

जातं थांबलं.

शिवकांता म्हणाली, पोरीची हळद आणि माय पेपरला, हे कुठं ऐकलंय का. दळणाऱ्यांपैकी एक म्हणाली, बाई, नवरीनं पेपर दिल्याचं मोबाइलमध्ये बघितलंय, पण नवरीच्या मायनं नाही. कोणीतरी हसलं. वीरभद्रप्पा मांडवाची दोरी धरून उभे होते. ते आवाज न चढवता बोलले. पोरीला बाप नाही, आता मायही नाही असं मानवतच्या लोकांना दिसायला नको. पेपर काय, पुन्हा येतो. हळद एकदाच येते.

महानंदानं खांबावरची नजर काढली आणि सरळ दिराकडे वळवली. वीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. वीरभद्रप्पांनीच नजर दोरीकडे नेली.

"भावजी, हळद दळायला मी चालते का?"

दळणाऱ्यांनी माना जात्याकडे वळवल्या.

"लावायला चालते का? ववाळायला?"

"तसं कोन मनतंय," वीरभद्रप्पा म्हणाले. "आपल्या पंथात विटाळ मानत न्हाईत. जयंतीच्या भाषणात मीच सांगत असतो चारचौघांत. पर रीत असती."

"असू द्या रीत. मग उद्या मी बसू कुठं, तेवढं सांगा."

शिवकांतानं हळू आवाजात सांगितलं की आत, आत्याबाईजवळ, म्हणजे सासूच्या बाजेवर.

"म्हंजे ज्या कामाला माझा हात चालत न्हाई, त्या कामापायी मी घरात बसून ऱ्हाऊ," महानंदा म्हणाली. "त्याच्यापरीस पालमला बसते. तिथं माझ्या नंबरचा बाक हाय."

तिनं सूप उचललं आणि उरलेले गहू निवडायला घेतले. घाईघाईनं निवडताना खडे सुटले. जातं पुन्हा सुरू झालं तरी गाणं काही सुरू झालं नाही.

भक्ती आतून सगळं ऐकत होती. भाकरी थापताना ती आईजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "शेवटची बेल होईपत्तर उठायचं न्हाई. कोनी का पडंना."

प्र. ५. आपले मत नोंदवा.

आजवर महानंदाला तिचं मत कोणी विचारलं नव्हतं. बोर्डानं विचारलं, तेही चार गुणांसाठी.

पहिले तास-दीड तास बरे गेले. जोड्या लागल्या. शीतयुद्ध आलं होतं. दगडांच्या ढिगाचं लिहायचा मोह तिनं आवरला आणि शस्त्रास्त्र स्पर्धा असं लिहिलं. वर्गात तिच्या भक्तीपेक्षा लहान पोरं होती. पुढच्या बाकावरचा पोरगा मधूनच वळून, मावशी, पान नंबर घातला का, असं विचारून घ्यायचा.

मग दारात शिपाई आला. पर्यवेक्षक बाईंनी त्याचं ऐकून घेतलं, तिच्या बाकापाशी आल्या आणि वाकून म्हणाल्या, "तुमचे दीर आलेत गेटवर. घरी लगेच बोलावलंय म्हणतात."

महानंदाच्या कानात बशी टेकल्याचा आवाज झाला.

"कोन पडलं?"

"तसं काही सांगितलं नाही. अर्जंट आहे म्हणाले."

तिनं पेनाचं टोपण लावलं. पायात चपला सरकवल्या. आत्याबाई खरंच पडल्या असतील. की भक्तीलाच काही झालं? चूल पेटलेली, अंगण माणसांनी भरलेलं, काहीही होऊ शकतं. खरं असलं तर आपण आयुष्यभर तोंड दाखवणार नाही. खोटं असलं तरी आयुष्यभराचंच नुकसान आहे. मागच्या साली तिला हा विचार करायला वेळच मिळाला नव्हता, ती नुसती उठली होती. आज तिनं बाकावर खडूनं लिहिलेला आपला नंबर पाहिला. त्याच्यातला शेवटचा आकडा तिच्या कोपरानं पुसट झाला होता.

"पेपर झाल्यावर येते मनावं," ती म्हणाली.

बाई जाता जाता वळल्या. "तुमच्या मुलीची आज हळद आहे म्हणे?"

"हाय की," महानंदा म्हणाली आणि टोपण काढलं.

पण अक्षर बिघडलं ते बिघडलंच. एका टिपेच्या मध्यावर ती काय लिहीत होती तेच विसरली. ती टीप तशीच सोडून तिनं मताचा प्रश्न घेतला. समाजसुधारकांच्या प्रयत्नांमुळे स्त्रियांच्या जीवनात परिवर्तन घडून आले. आपले मत नोंदवा. गाईडमध्ये याचं उत्तर 'मी या मताशी सहमत आहे' या वाक्यानं सुरू होत होतं आणि ते तिला तोंडपाठ होतं. तिनं 'मी या मताशी' एवढं लिहिलं. मग बराच वेळ पेन कागदाला टेकवून ती बसली. मग लिहिलं, 'अर्धी सहमत आहे.'

त्यापुढं गाईड संपलं. तिनं कायदे लिहिले, वर्षं लिहिली, ज्यांनी दगड-शेण सोसलं त्यांची नावं लिहिली. शेवटी लिहिलं की कायदा दिल्लीहून निघाला, आमच्या गावच्या फाट्यापर्यंत आला, पण फाट्यापासून घर लांब पडतं. तेवढं चालत जावं लागतं. अर्ध्या सहमतीला अर्धे मार्क देतात की शून्य, हे तिला माहीत नव्हतं. खोडावं असं एकदा मनात आलं. तिनं खोडलं नाही.

सोडलेली टीप पूर्ण झाली नाही. दहा मिनिटं उरली होती आणि डोकं रिकामं झालं होतं. पोरं उठून पेपर देऊन जाऊ लागली. तिच्याकडे लिहायला काही नव्हतं. तरी ती हाताची घडी घालून, बाकावर ताठ बसून राहिली. शेवटची बेल झाली, मग उठली.

पुरवणी

वीरभद्रप्पा गेटबाहेर कडुलिंबाखाली मोटारसायकलला टेकून उभे होते. अंगात नवा सदरा, कपाळाला भस्माचे पट्टे, ते घामानं ओघळलेले. आजूबाजूला पोरांना घ्यायला आलेले मायबाप होते. त्यांच्यातलेच एक दिसत होते.

"कोन पडलंय?" तिनं लांबूनच विचारलं.

"कोनी न्हाई," ते म्हणाले. थोडा वेळ गाडीच्या किल्लीशी खेळले. "पोरगी पाटावर बसलीया आकरा वाजल्यापून. अंगाला हळद लावून घेईना. माय आल्यावर लावा मनती. लय समजावलं सगळ्यांनी. मानवतचे लोक बघायलेत नुसते."

महानंदा गाडीजवळ आली.

"तू सांग तिला. तुझं ऐकती."

"काय सांगू, भावजी? मी चालत न्हाई, ते?"

त्यांनी गाडीला किक मारली आणि पुढं बघत म्हणाले, "बस."

थोरल्या दिराच्या गाडीवर ती कधी बसली नव्हती. तिनं पेपरचं पॅड दोघांच्या मध्ये उभं धरलं आणि बसली. गंगाखेडच्या रस्त्यावर ऊन भाजून काढत होतं. फाटा येईपर्यंत दोघांत एकच बोलणं झालं. पेपर कसा गेला, असं वीरभद्रप्पांनी वाऱ्यात ओरडून विचारलं. एक टीप राहिली, असं तिनं सांगितलं. ती कुणामुळे राहिली हे सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

अंगणात बायका सतरंजीवर पेंगुळलेल्या बसल्या होत्या. पाटावर भक्ती, पिवळं पातळ नेसलेली, चेहरा कोरडा. पुढं हळदीची वाटी. हळदीवर साय धरल्यासारखा पापुद्रा आला होता. आईला बघून भक्तीनं एकच विचारलं.

"बेल झाली का?"

"झाली."

"मग बस."

शिवकांता वाटीपाशी बसली होती. चार तास तिनं पोरीची समजूत काढली होती, पाहुण्यांना पाणी दिलं होतं, लोकांचं ऐकून घेतलं होतं. तिनं दमून एकदा नवऱ्याकडे बघितलं. वीरभद्रप्पा गाडीचं स्टँड लावायला वाकले, आणि स्टँड लागलं तरी वाकलेलेच राहिले. शिवकांतानं वाटीत पाण्याचे चार थेंब शिंपडले, बोटानं हळद मोडली आणि वाटी महानंदाकडे सरकवली.

"धर बाई," ती म्हणाली. "लय वाळून गेली."

महानंदानं पॅड खाली ठेवलं. मधल्या बोटाला शाई लागलेली होती, ती तिनं पुसली नाही. पहिल्यांदा पावलांना हळद लावली, मग गुडघ्यांना, मग हातांना. गालांना लावताना तिचा हात थांबला, तेव्हा भक्तीनंच गाल पुढं केला.

मानवतकडची एक म्हातारी उठली. तिच्यामागून गावातल्या दोघी उठल्या. त्या पदर सावरत मांडवाबाहेर गेल्या, आणि त्यांच्या उठण्यानं सतरंजीवर जागा झाली.

बायनाबाई आतल्या दारातून बघत होत्या. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग भिंत धरत धरत, एकेक पाऊल टाकत अंगणात आल्या, आणि त्या मोकळ्या जागेवर येऊन बसल्या.